कारल्याचा रस : गुण किती, जपायचं कुठं?

घरात कुणाची 'शुगर' वाढलेली निघाली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं घरी यायच्या आत कारली येतात. सांगणारे काय, पुष्कळ असतात. नणंद फोन करते, शेजारच्या काकू जिन्यातच गाठतात, आणि मोबाइलवर तर दिवसाला दोन निरोप ठरलेले : सकाळी अनशापोटी कपभर कारल्याचा रस घ्या, चाळीस दिवसांत साखर गेलीच म्हणून समजा. कुणी त्यात दुधी घालायला सांगतं, कुणी आवळा, कुणी कडुलिंबाची पानं. दुसऱ्या दिवशी पहाटे मिक्सर सुरू होतो. आणि मैत्रिणींनो, कारली निवडणारी, चिरणारी, वाटून गाळणारी आणि 'नाक दाबून एका घोटात प्या हं' असं म्हणून पेला पुढं करणारी कोण? आपणच. म्हणून हा विषय आपला आहे.

मधुमेह आता कुणाच्या तरी दूरच्या मामांना असलेला आजार राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशभरची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. सगळ्यांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे शंभर प्रौढांमागे २६ जणांना. म्हणजे चौघांत एक! तेव्हा घरोघर कारल्याचा रस निघतो आहे यात नवल नाही. नवल याचं, की ज्या घरात गोळीची वेळ पाच मिनिटं चुकली तरी आरडाओरडा होतो, त्याच घरात हा रस कपाने घ्यायचा की चमच्याने, हे कुणी विचारत नाही. 'भाजीच तर आहे, भाजीनं काय होणार?' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

कारल्यात गुण आहे का?

आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर हा लेख कारल्याच्या विरुद्ध आहे असं वाटायचं. कारलं आपल्याकडे फार जुनं. संस्कृतात ते कारवेल्लक. आयुर्वेदाने त्याला तिक्त, पचायला हलकं, पित्त आणि कफ कमी करणारं मानलेलं आहे. आपल्या भोंडल्यात सुनेला माहेरी जायचं तर आधी कारल्याचं बी पेरायला लागतं, वेल चढेपर्यंत थांबायला लागतं, मग फूल, मग कारलं, मग भाजी... सासूने मुदत वाढवायला नेमकं कारलंच निवडावं, यात या भाजीची घरातली जागा दिसते.

आधुनिक शास्त्राने कारल्याकडे लक्ष दिलं तेही आजचं नाही. कारल्यातून चॅरँटिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९८१ साली जयपूरच्या संशोधकांनी इन्शुलिनसारखं काम करणारं एक प्रथिन कारल्यात सापडल्याचं प्रसिद्ध केलं. वर्तमानपत्रांतून ते 'वनस्पती-इन्शुलिन' म्हणून गाजलं, आणि आजही चूर्णाच्या डब्यांवर तोच शब्द छापलेला दिसतो. पण यातली गोम डब्यावर नसते. ते प्रथिन त्या प्रयोगात कातडीखाली टोचून दिलेलं होतं. प्रथिन तोंडाने घेतलं की पोट ते पचवून टाकतं, जसं डाळीतलं आणि अंड्यातलं पचवतं. इन्शुलिनच्या गोळ्या सहजी मिळत नाहीत, सुई टोचावी लागते, त्याचंही कारण हेच. रस प्याल्याने इन्शुलिन मिळतं, असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही.

त्याच १९८१ साली एका प्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आणखी एक छोटा अभ्यास छापून आला. तिथल्या नऊ आशियाई मधुमेही रुग्णांना कारल्याचा रस देऊन नंतर ग्लुकोज पाजलं, तेव्हा साखर एरवीइतकी चढली नाही. तेलात परतलेली कारली रोजच्या जेवणात घेतल्यावरही फरक पडला, पण थोडासा. नऊच माणसं होती, हे विसरू नका. पुढे २०११ साली थायलंडमध्ये कारल्याच्या पुडीची मेटफॉर्मिनशी चार आठवडे तुलना केली. रोज दोन ग्रॅम पुडी घेणाऱ्यांची साखर थोडी उतरली, मेटफॉर्मिनइतकी मात्र नाही. आणि २०१२ साली जगभरचे चांगल्या पद्धतीने झालेले अभ्यास एकत्र तपासण्यात आले. हाती किती लागले? चार. मिळून माणसं पाचशेसुद्धा नव्हती. निष्कर्ष असा निघाला, की कारल्याने मधुमेह आटोक्यात राहतो असं म्हणायला पुरेसा आधार अजून नाही.

सारांश घरच्या भाषेत सांगायचा तर कारलं साखर थोडी उतरवतं, पण किती उतरवेल याचा भरवसा नाही. एका कारल्यात औषधी अंश किती, ते जातीवर, जमिनीवर, कोवळं की जून यावर ठरतं. गोळी प्रत्येक वेळी तेवढ्याच मापाची येते. कारलं तसं येत नाही. मंडईतल्या एकाच ढिगातली दोन कारली सारखी कडू लागत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

भाजी वेगळी, रस वेगळा

'आजी आयुष्यभर कारली खात होती, तिला काही झालं नाही,' असं म्हणणारे भेटतात. खरंच आहे. पण आजी भाजी खात होती. चकत्यांना मीठ चोळून, अर्धा तास ठेवून, पिळून, कडू पाणी टाकून देऊन मग ती परतत होती. वाट्याला येणार दोन-तीन डाव भाजी, तीही भात-भाकरीबरोबर, आठवड्यातून एखाद्या दिवशी. आता रसाचा हिशेब करा. कपभर रसाला चार-पाच कारली लागतात. चोथा, म्हणजे साखरेला खरा आवर घालणारा तंतूंचा भाग, आपण गाळून टाकतो. आणि जे कडू पाणी आजी मोरीत ओतत होती, तेच रिकाम्या पोटी, रोज, महिनोन्‌महिने पितो. हे आजीचं अन्न उरत नाही. हे औषध झालं. आणि औषध म्हटलं की माप आलं, वेळ आली, बरोबर दुसरं काय चालू आहे ते पाहणं आलं.

यावर एक जुनी पण डॉक्टरांच्या पुस्तकात अजून सांगितली जाणारी हकिगत आहे. १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ती छापून आली. ब्रिटनमध्ये राहणारी आशियाई वंशाची एक चाळिशीची बाई. मधुमेहासाठी क्लोरप्रोपामाइड नावाची गोळी घेत असे. तिची साखर काही केल्या एका जागी राहीना. तपासणीत कधी लघवीत साखर दिसे, कधी मुळीच नसे. डॉक्टर बुचकळ्यात पडले. शेवटी उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. ज्या दिवशी घरात कारलं आणि लसूण घातलेली भाजी होई, त्या दिवशी साखर उतरलेली असे. गोळी आणि भाजी दोघी एकाच दिशेने ओढत होत्या, आणि डॉक्टरांना त्यातली एकच ठाऊक होती.

साखर फार उतरली तर

साखर वाढण्याची भीती आपल्या अंगवळणी पडली आहे. साखर घसरण्याची भीती मात्र आपल्याला वाटत नाही, आणि ती जास्त तातडीची आहे. वाढलेली साखर वर्षानुवर्षं शरीर पोखरते. घसरलेली साखर माणसाला तासाभरात आडवं करते.

घरात कोणती गोळी चालू आहे ते आजच डब्यावर वाचून ठेवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड यांतलं एखादं नाव असेल, किंवा इन्शुलिन चालू असेल, तर ही औषधं स्वतःच साखर खाली नेऊ शकतात. त्यांच्या जोडीला कारल्याचा रस आला की धोका वाढतो. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर तेवढी भीती नसते. पण हल्ली एका गोळीत दोन-दोन औषधं असतात, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायची.

साखर ७० च्या खाली गेली, की ती कमी समजतात. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडतं, भूक खवळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हाताऱ्या माणसांत असं स्पष्ट काही दिसेलच असं नाही. ती एकदम चिडचिडी होतात, असंबद्ध बोलतात, गप्प बसून राहतात. 'आज बाबांचा मूड नाही' म्हणून आपण सोडून देतो. मूड नसतो की साखर नसते, हे बोटाला सुई लावून पाहिलं तर एका मिनिटात कळतं.

उपास हा आपल्या घरातला खास घोटाळा. श्रावणी सोमवार, एकादशी, संकष्टी. दिवसभर पोट रिकामं, गोळी मात्र नेहमीची, आणि सकाळी 'उपासाला चालतो की' म्हणून कारल्याचा रसही. दुपारी चार वाजता चक्कर येते आणि दोष उपासाला जातो. हे तिन्ही एका दिवशी एकत्र येऊ देऊ नका. उपास करायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवावं.

साखर घसरली असं वाटलं आणि माणूस शुद्धीवर असला, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. अजून ७० च्या वर आली नसेल तर तेवढीच परत द्यावी. मग काहीतरी खायला घालावं. पण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी चालू असेल, तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर पचणंच लांबवते. अशा घरात औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडर ठेवलेली बरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ना साखर ना पाणी. श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल. सरळ दवाखाना. आणि एकदा साखर वर आली म्हणजे संपलं, असंही नाही. वर सांगितलेल्या गोळ्यांचा अंमल दिवसभर टिकतो, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून डॉक्टरांना कळवावं लागतंच.

दुधी घातलात? थांबा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रीय संस्थेतले वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्या पत्नी यांनी नेहमीप्रमाणे घरी काढलेला कारलं आणि दुधी यांचा रस घेतला. थोड्याच वेळात दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पत्नी वाचल्या. ते वाचले नाहीत. बातमी देशभर झाली, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीपुढे दुधीच्या रसाने आजारी पडलेल्यांच्या वीसहून अधिक नोंदी आल्या. त्यांतले काही दगावलेले होते. पुढे २०१८ साली पुण्यातही दुधीचा रस घेतल्यावर एका चाळिशीतल्या बाईंचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती.

दुधीसारखी गरीब भाजी असं कसं करते? त्याचं असं आहे. दुधी, काकडी, भोपळा, दोडका, कारलं ही सगळी एकाच कुळातली. जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून या कुळातल्या रानटी वेलींनी एक जहाल कडू विष जवळ बाळगलेलं असतं. कुकर्बिटासिन त्याचं नाव. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचं बी राखून ते लागवडीच्या दुधीतून जवळजवळ घालवलं. पण एखाद्या वेलीला फार ऊन, पाण्याचा ताण पडला, किंवा रानटी वेलीशी तिचा संकर झाला, तर मूळचा गुण डोकं वर काढतो. बाहेरून फळ हिरवंगार, तुकतुकीत, इतर दुध्यांसारखंच. ओळखायची खूण एकच : चव. कडू दुधी म्हणजे विषारी दुधी. कारल्यातली कडू द्रव्यं त्याच घराण्यातली चुलत भावंडं म्हणायची, पण आपण भाजीत खातो तेवढ्या प्रमाणात ती इतकी जहाल नसतात.

आता पाहा, दुधीची भाजी केली आणि ती कडू निघाली तर पहिल्या घासाला ताट बाजूला सारलं जातं. नुसता दुधीचा रस असता तरी पहिल्या घोटाला 'शी, कडू!' म्हणून पेला खाली ठेवला असता. पण त्यात कारलं घातलेलं असलं म्हणजे? रस कडू असणारच, असं धरूनच चालतो. उलट जितका कडू तितका गुणकारी म्हणून आणखी नेटाने पितो. जीव वाचवणारी एकच खूण होती, ती कारल्याने झाकून टाकली. म्हणूनच तज्ज्ञांच्या समितीने बजावलं, की दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये.

आपल्या आया-आज्या काकडी चिरताना टोक कापून, ते घासून, जिभेला लावून पाहायच्या. तीच सवय दुधीला लावायची. भाजी असो, हलवा असो, रस असो. चिरल्याबरोबर दोन्ही टोकांचा आणि मधला असा बोटाच्या पेराएवढा तुकडा चाखायचा. किंचित कडू लागला तरी थुंकायचा, चूळ भरायची आणि अख्खा दुधी फेकायचा. 'अर्धा बरा आहे, तेवढा घेते' हा काटकसरीचा विचार इथे नको. शिजवल्याने हे विष जात नाही, मीठ लावल्याने नाही, साखर घातल्याने तर नाहीच. कामाला बाई असेल तर तिलाही हे समजावून सांगा. चिरते ती, आणि पुष्कळदा चाखून पाहायचा संकोच तिलाच वाटतो.

बागेबाहेर सकाळी फिरणाऱ्यांसाठी स्टीलच्या पिंपातून तयार रस विकतात, त्याबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे. तो घेऊ नये. पन्नास दुधी एकत्र वाटताना प्रत्येकाचा तुकडा कुणी चाखलेला नसतो.

रस घेतल्यावर पोटात कळ, मळमळ, उलटी, जुलाब यांतलं काही झालं तर लिंबूपाणी, ओवा, हिंग करत घरी बसू नका. उलटीत रक्त पडू शकतं, रक्तदाब झपाट्याने उतरतो. यावर उतारा असं औषध नाही. सलाइन, रक्तदाब सावरणं, पोटाला जपणं एवढंच हाती असतं, आणि ते दवाखान्यातच होतं. काय प्यायलं ते डॉक्टरांना आधी सांगा. उरलेला रस बाटलीत घालून बरोबर नेला तर आणखी चांगलं.

कुणी रसाच्या वाटेला जाऊ नये

दिवस गेलेल्या बाईने कारल्याचा रस, बिया किंवा पुडी घेऊ नये. कारल्याचा वापर गर्भ पाडण्यासाठी करण्याची रीत अनेक ठिकाणी होती, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तसे परिणाम दिसले आहेत. हल्ली गरोदरपणातला मधुमेह बऱ्याच जणींना निघतो. अशा वेळी सासरचं-माहेरचं कुणीतरी प्रेमाने रस घेऊन उभं राहतं, तेव्हा पेला परत करायला संकोचू नका. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तरी नको. भाजीची दोन-चार फोडी पानात आली तर घाबरायचं कारण नाही.

लहान मुलांना रस देऊ नये. जंत पडावेत म्हणून किंवा रक्त शुद्ध व्हावं म्हणून कारल्याचा रस पाजणारी घरं अजून आहेत. कारल्याच्या पाल्याचा काढा रिकाम्या पोटी दिल्यावर दोन लहान मुलांची साखर इतकी घसरली की ती बेशुद्ध झाली, अशी नोंद १९८८ साली फ्रेंच डॉक्टरांनी केली आहे. त्या मुलांना मधुमेह नव्हता.

ज्या मुलांना किंवा मोठ्यांना अगदी सुरुवातीपासून इन्शुलिनच लागतं, तो मधुमेहाचा पहिला प्रकार. तिथे इन्शुलिन बंद करून रस, काढा, पुडी काहीही देणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन दिवसांत रक्तात आम्लं साचून मूल अत्यवस्थ होतं. अशा घरी 'आमच्याकडचं घेऊन पाहा, सुई सुटेल' असं कुणी म्हटलं, तर त्या माणसाला चहा द्या आणि विषय बदला.

काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत ती जास्त आढळते. कारल्याच्या बियांतल्या एका द्रव्याने अशा माणसांच्या तांबड्या रक्तपेशी फुटण्याची भीती असते, म्हणून त्यांनी रस-बिया वर्ज्य कराव्यात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर रस दोन आठवडे आधी थांबवावा आणि घेत होतो हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावं.

बाकीची मंडळी : मेथी, जांभूळबी, बिवळा, गुळवेल

कारल्याच्या जोडीने ही नावं येणारच, म्हणून थोडक्यात. या सगळ्यांत मला मेथी सगळ्यांत शहाणी वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीदाण्यावर काम झालं आहे. दाण्यातल्या बुळबुळीत तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू जाते. पण त्याच बुळबुळीत थरात गोळ्याही अडकतात; म्हणून मेथीचं पाणी आणि गोळ्या यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवावं. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर मेथी रोज घेण्याआधी विचारावं. जांभूळबीच्या चूर्णाला परंपरा मोठी, पुरावा तोकडा.

बिवळ्याच्या लाकडाचा पेला कोकणातून हौसेने आणतात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी त्याला तांबूस-पिवळा रंग येतो, उजेडात धरलं तर निळसर झाक मारते. या झाडाच्या अर्कावर वैद्यकीय संशोधन परिषदेने अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा चांगला आहे. पण तुलनेला दुसरा गट ठेवलेला नव्हता, रुग्ण नुकताच मधुमेह निघालेले होते, आणि दिलं ते मोजून तयार केलेलं औषध होतं. पेला महिना-दोन महिन्यांत रंग सोडायचा थांबतो, तेव्हा सकाळी आपण पितो ते नुसतं पाणी!

गुळवेलीचं मात्र जरा गंभीर आहे. करोनाच्या काळात घरोघर काढे झाले, आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असंही म्हटलं. वाद काहीही असो. दारात आलेल्या माणसाकडून वेलीचे तुकडे घेऊन महिनोन्‌महिने काढा प्यावा, असं मला वाटत नाही. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी बंद.

आणि 'मधुमेह मुळापासून घालवा' अशा जाहिरातींच्या पुड्या. असा दावा करणारी जाहिरात छापणंच १९५४ च्या कायद्याने मना आहे. त्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव लिहिलेलं आहे. तरीही त्या छापतात, आणि आपण वाचतो. अशा पुड्यांत कधीकधी चक्क ॲलोपॅथीची साखर उतरवणारी गोळी कुटून घातलेली सापडते, कधी शिसं सापडतं. पुडी घेतल्याबरोबर दोन दिवसांत साखर धाडकन उतरली तर खूष होण्याऐवजी संशय घ्यावा. वनस्पतीला एवढी घाई नसते.

इतकं वाचूनही रस घ्यायचाच असेल

तर घ्या, पण रीतसर. डॉक्टरांना सांगा. 'ते रागावतील' म्हणून लपवणं ही आपल्याकडची मोठी खोड आहे. रागावले तरी ऐकून घेतील, आणि न सांगता ते गोळीचं माप वाढवत राहिले तर भोगणार घरचं माणूस. वैद्यांचा सल्ला घेणार असाल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांचा घ्या, आणि त्यांनाही गोळ्यांची नावं दाखवा. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. रस, मेथी आणि पुडी तिन्ही सोमवारी सुरू केलीत तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा ते कळायचं नाही. कपाची गोष्ट सोडा. नुसत्या कारल्याचा, थोडा, आणि काहीतरी खाल्ल्यावर. पहिले पंधरा दिवस घरच्या यंत्रावर साखर पाहून वहीत लिहा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा करा. आकडा हलला नसेल तर रोज सकाळी तोंड कडू करून घेण्यात काय अर्थ आहे? हलला असेल तर गोळीचं माप कमी करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपणहून गोळी बंद करायची नाही, ही अट मात्र पक्की.

माझ्या मते कारलं पानात असावं, पेल्यात नसावं. फक्त आपली भाजीची पद्धत जरा तपासायला हवी. पाव किलो कारल्याला लिंबाएवढा गूळ घालायचा आणि वर 'मधुमेहाला चांगली हं' म्हणून वाढायची, हा विनोद बऱ्याच घरांत रोज घडतो.

बिनगुळाची अशी करा. पाव किलो कोवळी कारली वरून जरा खरवडून, जून बिया काढून, पातळ चकत्या करा. मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवा, पिळा, आणि रक्तदाब असलेलं कुणी जेवणार असेल तर एकदा पाण्याने धुऊन पुन्हा पिळा. लोखंडी कढईत तीन चमचे तेल, मोहरी, हिंग. एक मोठा कांदा उभा चिरून गुलाबी परता. चकत्या घालून मंद आचेवर, झाकण न ठेवता कुरकुरीत होऊ द्या. वीस मिनिटं तरी लागतात, घाई केली की कडूपणा राहतो. मग तिखट, धने-जिऱ्याची पूड, दोन चमचे दाण्याचं कूट, चमचाभर भाजलेलं सुकं खोबरं, आणि भिजवलेल्या दोन आमसुलांचा कोळ. आमसुलाने कडूपणा पुष्कळ मरतो. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढा. मुलांच्या पानात पहिल्या दिवशी दोनच चकत्या.